चार बादल्यांचा हायड्रोपोनिक संच: बादल्या उत्तम, हवा अपुरी, फुलोऱ्याची बाटली बिनकामाची

घरात, बंद खोलीत, मातीशिवाय फळभाजी पिकवण्यासाठी एक ठरावीक संच वेगवेगळ्या नावांनी विकला जातो. खोक्यावरचं नाव बदलतं, आतला माल जवळपास सारखाच असतो. २० लिटरच्या चार झाकणबंद बादल्या, प्रत्येक झाकणात १५ सेंटिमीटरचा नेट पॉट (जाळीदार कुंडी), क्ले बॉल्सची (भाजलेल्या मातीच्या हलक्या गोळ्यांची) पिशवी, बी रुजवायला रॉकवूलचे (वितळलेल्या दगडाच्या तंतूंचे) चौकोनी तुकडे, चार तोंडांचा हवेचा पंप, चार एअरस्टोन (पाण्यात बारीक बुडबुडे सोडणारे सच्छिद्र दगड), खताच्या ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन बाटल्या, फुलोऱ्यासाठी म्हणून तिसरी बाटली, पीएच (पाण्याची आम्लता) तपासायचे थेंब, पीएच उतरवायचं आम्ल आणि १०० वॅटचा पांढरा एलईडी पॅनल. हे परीक्षण मिरचीसाठी आहे, तिखट आणि ढोबळी दोन्ही. पालेभाजी या संचात सहज येते, त्यामुळे तिच्यावर संचाची कसोटी लागत नाही. मिरचीला मात्र प्रकाश, मुळाशी हवा आणि कॅल्शियम या तिन्ही गोष्टी एकाच वेळी लागतात आणि संचातली प्रत्येक उणीव फळावर उमटते.

निकाल आधीच सांगतो. संच घेण्यासारखा आहे, पण चार रोपांचा म्हणून नव्हे, दोन रोपांचा म्हणून. त्यातला पंप पहिल्या महिन्यानंतर बदलावा लागतो. संचात नसलेली एक वस्तू, म्हणजे ईसी (पाण्यात क्षार किती विरघळलेत हे सांगणारी विद्युतवाहकता, मिलिसिमेन्समध्ये) मोजायचा पेन, वेगळी घ्यावीच लागते. आणि ज्या बाटलीच्या जोरावर संचाची जाहिरात होते, ती फुलोऱ्याची बाटली न उघडता ठेवली तरी पिकाचं काही बिघडत नाही.

बादल्यांपासून सुरुवात करू, कारण तिथे तक्रारीला जागा कमी आहे. प्लॅस्टिक जाड आहे, बाहेरून पांढरं आणि आतून काळं. बाहेरचा पांढरा रंग दिव्याची उष्णता परत फेकतो, आतला काळा प्रकाश अडवतो. प्रकाश आत शिरला की पाण्यात शेवाळ धरतं, शेवाळ रात्री पाण्यातला ऑक्सिजन खातं आणि मेल्यावर मुळांवर चिकट थर बसवतं. नवी बादली घेतल्यावर अंधाऱ्या खोलीत आत मोबाइलचा टॉर्च पेटवून झाकण लावा आणि बाहेरून कुठे उजेड झिरपतो ते बघा. भिंतीतून सहसा झिरपत नाही. झिरपतो तो झाकणातल्या हवेच्या नळीच्या भोकातून आणि पातळी दाखवणाऱ्या उभ्या पारदर्शक नळीतून. भोकाला रबरी ग्रोमेट बसवा आणि पातळीच्या नळीवर काळी चिकटपट्टी गुंडाळा, बघायच्या वेळी तेवढी सरकवता येते.

बादल्या एकमेकींना पाइपने जोडलेल्या नाहीत, आणि नवख्या माणसासाठी हेच बरं. जोडलेल्या यंत्रणेत एकदा मिसळलेलं द्रावण सगळीकडे सारखं राहतं, पण एका बादलीत मूळकूज आली की ती सगळीकडे पोचते. वेगवेगळ्या बादल्यांना मोजमापाचं काम जास्त, पण नुकसान एका रोपापुरतं राहतं.

आता पंप. मुळं पाण्यात बुडालेली असताना रोप जगतं ते पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनवर. गोड्या पाण्यात २० अंश सेल्सिअसला जास्तीत जास्त ९.१ मिलिग्रॅम प्रति लिटर ऑक्सिजन मावतो, २५ अंशांना ८.३ आणि ३० अंशांना ७.६. हे आकडे पूर्ण भरलेल्या पाण्याचे आहेत, पंप कमी पडला की प्रत्यक्ष पातळी याच्या बरीच खाली जाते. शिवाय पाणी तापतं तसं मुळांचं श्वसन वाढतं, म्हणजे ऑक्सिजन मावतो कमी आणि लागतो जास्त. ही तफावत पडली की पिथियम, म्हणजे मूळकूज आणणारा बुरशीसारखा जीव, मुळं धरतो. पांढरी मुळी आधी पिवळसर, मग तपकिरी आणि लिबलिबीत होते, ओढली तर वरचं साल निघून आत दोऱ्यासारखा भाग हातात येतो, आणि पाण्याला कुजका वास येतो. नुसता तपकिरी रंग पाहून घाबरू नका, काही खतांचा रंगही मुळांवर चढतो. वास आणि बुळबुळीतपणा ही खरी खूण.

संचातला पंप चारही तोंडं मिळून मिनिटाला सुमारे ४ लिटर हवा देतो, म्हणजे बादलीमागे १ लिटर. रोप लहान असताना हे भागतं. मुळांचा झुपका बादलीच्या तळाला टेकला की भागत नाही. २० लिटरच्या बादलीत प्रत्यक्ष १५ ते १६ लिटर द्रावण राहतं. एवढ्याला मिनिटाला किमान २ लिटर, शक्यतो ३ लिटर हवा हवी. चारही बादल्या चालवायच्या तर १० ते १२ लिटरचा पंप घ्या, दोनच चालवायच्या तर ६ लिटरचा. दुसरी अडचण वाटपाची आहे. चार तोंडांतून हवा सारखी निघत नाही, ज्या एअरस्टोनचा अडथळा कमी असतो त्याच्याकडे ती पळते. एक एअरस्टोन चुन्याने बुजला की बाकीच्या तीन बादल्या जोरात खदखदत राहतात आणि चौथी हळूहळू गुदमरते. पंपाचा आवाज नेहमीसारखाच येत असल्याने हे लक्षातही येत नाही. म्हणून प्रत्येक नळीवर छोटा व्हॉल्व्ह लावून बुडबुडे डोळ्यांनी सारखे करा आणि आठवड्यातून एकदा प्रत्येक झाकण उचलून बघा.

पंप कुठे ठेवता यालाही महत्त्व आहे. तो दिव्याजवळ टांगला तर गरम हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. पंप दिव्यापासून लांब, खोलीतल्या थंड बाजूला ठेवा आणि शक्य असेल तर पाण्याच्या पातळीपेक्षा वर. खाली ठेवलात तर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटं वाहत पंपात येतं. हे टाळायला प्रत्येक नळीत एकमार्गी व्हॉल्व्ह हवा. संचात एकच दिला जातो, तोही पंपाच्या तोंडाशी. चार लागतात. व्हॉल्व्हला तोंडाने फुंकून दिशा तपासा, मगच बसवा.

पाण्याचं तापमान १८ ते २२ अंशांत ठेवायचं. उन्हाळ्यात खोली तापली की बर्फाची बाटली सोडायचा सल्ला सगळेच देतात, पण हिशोब कोणी सांगत नाही. १ लिटरची गोठलेली बाटली १६ लिटर पाणी साधारण ६ अंशांनी खाली आणते. २८ अंशांचं पाणी तासाभरात २२ वर येणं आणि संध्याकाळी परत २८ वर जाणं हे मुळांना सोसत नाही. अर्ध्या लिटरच्या बाटल्या वापरा, एक सकाळी आणि एक दुपारी, म्हणजे उतार ३ अंशांच्या आत राहतो. त्याहून सोपा उपाय म्हणजे दिवा दिवसा बंद ठेवून रात्री लावायचा. खोलीचा सर्वांत गरम काळ आणि दिव्याची उष्णता एकत्र येत नाही, रोपाला घड्याळाशी देणंघेणं नसतं.

रोप नुकतं लावलं असताना द्रावणाची पातळी नेट पॉटच्या तळाला जेमतेम टेकेल इतकी ठेवा, बुडबुडे फुटून उडणारे तुषार क्ले बॉल्स ओले ठेवतात. मुळं १० सेंटिमीटर खाली उतरली की पातळी ४ ते ५ सेंटिमीटर खाली आणा. या मोकळ्या पट्ट्यात फुटणारी केसाळ मुळं हवेतून थेट ऑक्सिजन घेतात. ती एकदा तयार झाली की पातळी पुन्हा वर नेऊ नका. बादली काठोकाठ भरून ठेवली की पाणी भरण्याचं काम कमी होतं खरं, पण नेमकी हीच मुळं बुडून मरतात.

खताच्या ‘ए’ आणि ‘बी’ बाटल्या चांगल्या आहेत. ‘ए’मध्ये कॅल्शियम नायट्रेट आणि चिलेटेड (सेंद्रिय रेणूत बांधून विरघळतं ठेवलेलं) लोह, ‘बी’मध्ये स्फुरद (फॉस्फरस), गंधक, मॅग्नेशियम, पालाश (पोटॅशियम) आणि बाकीची सूक्ष्म अन्नद्रव्यं. त्या वेगळ्या ठेवायचं कारण साधं आहे. घट्ट द्रावणात कॅल्शियम आणि सल्फेट भेटले की जिप्सम बनून तळाला बसतं, स्फुरद भेटलं की कॅल्शियम फॉस्फेट. मग बाटलीवर लिहिलेलं अन्न पाण्यात असतं, पण रोपाला मिळत नाही. बादलीत आधी पाणी पूर्ण भरा, मग ‘ए’ घालून ढवळा, मग ‘बी’, आणि पीएच सर्वांत शेवटी. दोन्ही एकाच मापातून, मध्ये माप न धुता घेऊ नका.

फुलोऱ्याच्या बाटलीबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं, कारण फळाचा दर्जा वाढवायच्या नावाखाली सर्वांत जास्त पैसे इथेच वाया जातात. या बाटलीत प्रामुख्याने मोनो पोटॅशियम फॉस्फेट असतं, म्हणजे शेतकरी ज्याला ००:५२:३४ म्हणून ओळखतात ते खत, पाण्यात विरघळवून रंग घातलेलं. लेबलवरचे आकडे शुद्ध स्फुरद आणि पालाशाचे नसतात, त्यांच्या ऑक्साइडचे असतात. स्फुरदाच्या आकड्याला ०.४४ ने आणि पालाशाच्या आकड्याला ०.८३ ने गुणल्यावर खरी मात्रा कळते. या हिशोबाने अर्धा ग्रॅम ००:५२:३४ एका लिटरला टाकलं की ११३ मिलिग्रॅम स्फुरद वाढतं. जगभर प्रमाण मानल्या जाणाऱ्या होगलँड द्रावणात एका लिटरला स्फुरद आहे ३१ मिलिग्रॅम, तर नत्र २१०, पालाश २३५ आणि कॅल्शियम २००. मिरचीला फुलं-फळं येतानाही स्फुरदाची गरज काही तिपटी-चौपटीने वाढत नाही. वाढते ती पालाशाची, कारण ते फळात साठतं. जादा स्फुरद जस्त आणि लोह यांच्या आड येतं, शेंड्याची पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात, आणि माणूस समजतो की अन्न कमी पडतंय, म्हणून अजून खत घालतो.

फळं धरल्यावर पालाश वाढवायचंच असेल तर पोटॅशियम सल्फेट किंवा पोटॅशियम नायट्रेट लिटरला ०.१ ते ०.२ ग्रॅम पुरतं. त्यापुढे गेलात तर पालाश कॅल्शियमला मागे ढकलतं आणि फळाच्या टोकाला खोलगट तपकिरी डाग पडतो.

या डागाबद्दल थोडं थांबून लिहायला हवं, कारण ढोबळी मिरचीत दर्जा घसरण्याचं हे एक मोठं कारण आहे आणि त्यावर केला जाणारा उपाय बहुतेक वेळा चुकीचा असतो. डाग कॅल्शियमच्या कमतरतेचा आहे हे बरोबर. पण द्रावणात कॅल्शियम सहसा भरपूर असतं. कमतरता फळात असते. कॅल्शियम रोपात फक्त पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर चढतं, एकदा पानात बसलं की तिथून हलत नाही. पान भरपूर बाष्प सोडतं, म्हणून त्याला भरपूर कॅल्शियम मिळतं. फळाची साल मेणचट, बाष्प जवळजवळ सोडत नाही, म्हणून त्याच्या वाट्याला थोडंच येतं आणि टोकाला सर्वांत कमी. पानांवर कॅल्शियम फवारून ते फळात उतरत नाही. कामाला येतं ते असं: पालाश आणि अमोनियम आवरणं, ईसी २.४ च्या वर न नेणं, मुळाशी हवा भरपूर ठेवणं आणि खोलीतली आर्द्रता योग्य राखणं. २५ अंशांना ६० टक्के आर्द्रता असेल तर हवेची तहान, म्हणजे बाष्प ओढून घ्यायची तिची ताकद, सुमारे १.३ किलोपास्कल असते आणि रोप नीट पाणी ओढतं. तीच आर्द्रता ८५ टक्के झाली की ०.५ किलोपास्कलच्या आत येते आणि प्रवाह मंदावतो. उलट ४० टक्क्यांच्या खाली गेली की सगळा प्रवाह पानांकडे वळतो आणि फळ उपाशी राहतं. संचात पंखा नाही. पानं हलकेच हलतील इतक्या वाऱ्याचा छोटा पंखा वेगळा लावा, रोखून जोरात मारा करणारा नको.

संचात पीएचचे थेंब आहेत आणि ते पुरेसे आहेत. थेंबांचा रंग सोबतच्या रंगपट्टीशी जुळवला की अर्ध्या अंकापर्यंत कळतं आणि मिरचीला ५.६ ते ६.२ एवढी जागा आहे. फक्त रंगीत खत असेल तर रंग वाचताना घोळ होतो, नमुना पांढऱ्या कागदासमोर धरा. डिजिटल पेन घेणार असाल तर ७.० आणि ४.० अशा दोन्ही द्रावणांवर तो महिन्यातून एकदा जुळवा आणि त्याचं टोक पोटॅशियम क्लोराइडच्या साठवणीच्या द्रावणात ठेवा. डिस्टिल्ड पाण्यात ठेवलेला पेन लवकर मरतो. पीएच ६.५ च्या वर गेला की ईडीटीए नावाच्या चिलेटमध्ये बांधलेलं लोह सुटू लागतं आणि शेंडा पिवळा पडतो. संचातलं आम्ल फॉस्फोरिक आहे, म्हणजे जड पाण्यात रोज आम्ल घालावं लागत असेल तर त्यातूनही स्फुरद वाढत जातं, फुलोऱ्याची बाटली न घालण्याचं हे आणखी एक कारण. सायट्रिक आम्ल किंवा लिंबू वापरू नका, जिवाणू ते खाऊन टाकतात आणि दोन दिवसांत पीएच परत वर येतो.

ईसी मोजायचा पेन संचात नसणं ही माझ्या मते सर्वांत मोठी चूक आहे. बाटलीवर लिटरला अमुक मिली असं लिहिलेलं असतं, पण पाणी कोणतं हे बाटलीला कुठे माहीत असतं? आरओचं पाणी ०.०५ च्या आत असतं, बोअरचं पाणी १.० सुद्धा असू शकतं. बोअरच्या पाण्यात पूर्ण मात्रा टाकली की फळ धरायच्या आधीच पानांच्या कडा करपतात. आरओमध्ये तीच मात्रा टाकली तर कॅल्शियम-मॅग्नेशियम कमी पडतं, तिथे आधी कॅल्शियम नायट्रेट ०.२५ ग्रॅम आणि मॅग्नेशियम सल्फेट ०.२ ग्रॅम लिटरला घालून मग ए-बी घाला. पेन घेताना तो मिलिसिमेन्समध्ये वाचणारा घ्या. पीपीएममध्ये (दशलक्षात किती भाग) वाचणारे काही पेन ईसीला ५०० ने गुणतात, काही ७०० ने, आणि एकाच द्रावणाचा आकडा एकावर १,००० तर दुसऱ्यावर १,४०० दिसतो. दुसऱ्याचं कोष्टक आपल्या पेनला लावल्याने कित्येक रोपं जळतात.

मिरचीला बीजपर्ण उघडल्यावर ०.६ ते ०.८, चार-सहा पानांवर १.२, जोमाच्या वाढीत १.६ ते १.८ आणि फळं लागल्यावर २.० ते २.४ मिलिसिमेन्स ठेवा. खोली गरम आणि कोरडी असेल तर यातून ०.२ ते ०.३ कमी करा, कारण रोप पाणी जास्त पितं आणि क्षार मागे राहतात. रोजचा आकडा एकटा फारसं सांगत नाही, त्याची दिशा सांगते. पातळी खाली आली आणि ईसी वर गेला, तर द्रावण घट्ट आहे, साधं पाणी भरा. दोन्ही खाली आले, तर रोप भुकेलं आहे, अर्ध्या मात्रेचं द्रावण भरा. पातळी घटली पण ईसी तसाच, म्हणजे गणित जमलं. पीएच रोज ०.१ ते ०.२ वर सरकणं निरोगी वाढीचं लक्षण आहे, रोप नायट्रेट घेतं तेव्हा असंच होतं. पीएच अचानक खाली घसरू लागला आणि खतात अमोनियम फारसं नसेल, तर लगेच मुळं बघा. द्रावण दर १० ते १४ दिवसांनी पूर्ण बदला. नुसतं वरून भरत राहिलात तर सोडियम, क्लोराइड यांसारखे रोप न घेणारे क्षार साठत जातात. ईसीचा आकडा बरोबर दिसतो, पण त्यातलं अन्न संपलेलं असतं.

दिव्याकडे येऊ. पॅनल प्रामाणिक आहे, खोक्यावर १०० वॅट लिहिलंय आणि भिंतीवरच्या मीटरवर तेवढेच वॅट दिसतात. बाजारात १,००० वॅट लिहून १०० वॅट ओढणारे दिवे कमी नाहीत, तेव्हा ही गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. रंग पांढरा, सोबत ६६० नॅनोमीटरचे लाल डायोड. जांभळ्या दिव्यापेक्षा हा कितीतरी बरा, पानावरचा रोग आणि कीड खऱ्या रंगात दिसते. कार्यक्षमता वॅटला २.५ मायक्रोमोल (रोपाला उपयोगी प्रकाशकण मोजायचं एकक, दहा लाखांचा एक मोल) धरली तर दिवा सेकंदाला २५० मायक्रोमोल देतो. त्यातला पाचवा भाग भिंतींवर जातो. चार मिरच्यांना ९० बाय ९० सेंटिमीटर जागा लागते. तेवढ्यावर हा प्रकाश पसरला की चौरस मीटरला सुमारे २४५ मायक्रोमोल उरतात आणि १६ तासांत दिवसाचे १४ मोल होतात. पालेभाजीला हे भरपूर झालं. मिरचीला २० ते ३० मोल हवेत. याहून कमी प्रकाशात रोप उंच होतं, पेरं लांबतात, फुलं येतात आणि गळतात. तेच दोन रोपांसाठी ६० बाय ९० सेंटिमीटर जागा धरली की ३७० मायक्रोमोल पडतात आणि दिवसाचे २१ मोल होतात. म्हणून वर म्हटलं की हा दोन रोपांचा संच आहे. उरलेल्या दोन बादल्यांपैकी एकीत पुढचं द्रावण मिसळून ठेवा आणि दुसरी सुटी ठेवा, मूळकुजीच्या दिवशी रोप हलवायला जागा लागते.

प्रकाश मोजायला लक्स मीटर चालतो. पांढऱ्या एलईडीला लक्सचा आकडा ६७ ने भागा, अंदाजे मायक्रोमोल मिळतात. शेंड्यावर २५,००० लक्सच्या आसपास आकडा यायला हवा. रोपं लहान असताना दिवा ६० सेंटिमीटर वर, मोठी झाल्यावर ३० ते ३५. दिवसाचे १४ ते १६ तास पुरतात, २४ तास दिवा चालू ठेवू नका, मिरचीची पानं त्याने पिवळी आणि खडबडीत होतात. आणखी एक खोड एलईडीखाली जास्त दिसते: आर्द्रता जास्त आणि अतिनील किरण अजिबात नसले की पानाच्या मागे बारीक खरखरीत फोड येतात. कोळी किंवा विषाणू समजून लोक फवारणी करत सुटतात. भिंगातून बघा. जाळं नाही, हलणारं काही नाही, तर तो रोग नाही. आर्द्रता उतरवा आणि वारा वाढवा, नवी पानं स्वच्छ येतात.

रॉकवूल आणि क्ले बॉल्सवर फार लिहायची गरज नाही. दोन्ही वापरण्याआधी ५.५ पीएचच्या पाण्यात रात्रभर भिजवा, क्ले बॉल्स त्याआधी धुळीचं पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. ती धूळच पुढे एअरस्टोन बुजवते. रॉकवूल पिळू नका, त्यातली हवा निघून जाते.

फळधारणेचा खर्च शून्य आहे आणि तरी ती सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते. बंद खोलीत ना वारा, ना मधमाशी. मिरचीचं फूल स्वतःच्या परागावर फळ धरतं, पण पराग हलवावा लागतो. दिवा लागून तीन-चार तास झाल्यावर, पराग कोरडा असताना, उमललेल्या फुलांच्या देठाला बोटाने हलके टिचक्या द्या. परागीभवन अर्धवट झालं तर फळ धरतं, पण आत बी कमी राहतं आणि फळ वाकडं, चपटं, आकाराने लहान राहतं. दिवसाचं तापमान ३२ अंशांच्या आणि रात्रीचं २४ अंशांच्या वर जाऊ लागलं की फुलगळ होते, तेव्हा बाटल्या बदलत बसू नका, खोली थंड करा. रोपावर पहिल्या दुबेळक्यात येणारं पहिलं फूल खुडून टाका. ते ठेवलं तर रोप त्या एका फळावर अडकतं आणि फांद्या भरत नाहीत.

विजेची जोडणी संचाच्या पुस्तिकेत अर्ध्या पानात उरकली आहे. पाणी आणि वीज हातभर अंतरावर असताना हे बरोबर नाही. टायमर आणि जोडपट्टी जमिनीवर न ठेवता भिंतीवर, बादल्यांच्या पातळीच्या वर लावा. प्रत्येक वायर बोर्डात शिरण्याआधी खाली एक झोळ घेऊ द्या, म्हणजे ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी थेंब होऊन पडतं. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर हा संच चालू करू नका.

पीक निघाल्यावर बादल्या, झाकणं आणि नळ्या घासून धुवा. मग लिटरभर पाण्यात १० मिली घरगुती ब्लीच घालून अर्धा तास भिजू द्या आणि वास जाईपर्यंत स्वच्छ पाण्याने धुवा. ब्लीच आणि आम्ल एकाच वेळी कधीही वापरू नका, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. एअरस्टोनवरचा चुना आधी वेगळ्या भांड्यात, व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवून काढा, पूर्ण धुवा, मग ब्लीचमध्ये टाका. दुसऱ्या हंगामानंतर मात्र ते बदललेलेच बरे. बुडबुडे मोठे आणि एकाच बाजूने येऊ लागले की तो दगड संपला, आणि नवा घेताना दंडगोल नको, चपटी गोल तबकडी घ्या. ती तळाला टेकून राहते आणि बुडबुडे मुळांच्या झुपक्याखालून वर येतात.